कापशाची खाज

घाईतल्या माणसाने त्या दुकानाची पायरी चढू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. केस कापायला तिथला न्हावी एका डोक्यामागे पाऊण तास घेई. आधी डोक्याकडे नुसता बघत राही. मग खुर्चीभोवती एक फेरी मारी, बैल विकत घेणाऱ्याने बैलाभोवती मारावी तशी. मग पाण्याचा फवारा, मग कंगवा. कात्री हातात येईपर्यंत खुर्चीतल्या माणसाची एक डुलकी होऊन गेलेली असे. कोणी कुरकुरलं तर तो म्हणे, सावकाश, केस काही पळून जात नाहीत. यावर टकलाकडे झुकलेला पोस्टमन म्हणे, माझे जातात. असं वर्षानुवर्षं चाललेलं. म्हणून त्याचं नाव पडलं सावकाशराव, आणि खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे.

पण हात असा, की एकदा त्याच्याकडून केस कापून घेतलेला माणूस दुसऱ्या कात्रीखाली मान द्यायला तयार होत नसे. कात्रीचा आवाजच वेगळा. सकाळच्या वेळी रस्त्यावरून जाताना तो कानावर पडला की वाटे, कोणी तरी कोवळी पानं मोजतंय.

दुकान लहान. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, थांबणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक. खिडकीतून येणारं ऊन दुपार कलली की मागच्या कोपऱ्यात जाऊन बसे, आणि त्याच कोपऱ्यात केसांचा ढीग असे. दिवसभर कापलेले केस सावकाशराव पायाने अलगद सारत तिकडे नेई आणि दिवा लावायच्या वेळेला एकदाच उचले. मधे झाडू नाही. हा त्याच्या बापाचा नियम होता. बाप याच दुकानात पन्नास वर्षं उभा राहिला होता, आणि त्याने सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाईक दुकानात असताना झाडू फिरवला की बरकत झाडली जाते. सावकाशरावाने त्यात आपली भर घातली होती. तो म्हणे, ढीग ही दुकानाची पत आहे. नवा माणूस दारातून आधी ढिगाकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि खरंच, चांगल्या दिवशी दुपारपर्यंत तो ढीग वीतभर उंच होई. सावकाशराव मधूनच त्याच्याकडे असा बघे, जसा शेतकरी मळणीनंतर राशीकडे बघतो.

या दुकानात कापशा आला तो एका गिऱ्हाइकाच्या मागून. गिऱ्हाईक केस कापून गेलं, कापशा राहिला. बाकाजवळ असा बसला होता की जणू नंबर लावलाय. पांढरा शुभ्र, आखूड केसांचा कुत्रा, एक कान उभा आणि एक आडवा. सावकाशरावाने दुसऱ्या दिवशी त्याला दूध दिलं, तिसऱ्या दिवशी नाव दिलं, आणि चौथ्या दिवशी बायकोला सांगितलं की एक पाहुणा आहे. बायको म्हणाली, "पाहुण्याला चार पाय असतील तर तो दुकानातच बरा." आठवड्याने तीच त्याच्यासाठी अंडं उकडू लागली.

कापशाचा स्वभाव दुकानाला साजेसा. भुंकणं नाही, घाई नाही. येणाऱ्याचे बूट हुंगायचे, जाणाऱ्याला पायरीपर्यंत पोचवायचं. उन्हाळा-पावसाळा तो दारातल्या पायपुसण्यावर झोपला. मग थंडी पडली, फरशी गार झाली, आणि त्याने आपलं अंथरूण मागच्या कोपऱ्यात हलवलं. ढिगाच्या मधोमध तीन गिरक्या घ्यायच्या आणि अंग टाकायचं. ऊन वरून, ऊब खालून. सावकाशराव गिऱ्हाइकाची मान सोडून कौतुकाने बघत राही. राजाला मिळणार नाही अशी गादी आहे, म्हणे.

त्या थंडीतच खाज सुरू झाली.

आधी एका पायाने कान. मग दोन पायांनी पोट. मग पाठ खुर्चीच्या लोखंडी पायाला घासणं. खुर्ची हाले, खुर्चीत माणूस, माणसाच्या गालावर वस्तरा. सावकाशराव वस्तरा वर उचलून धरी आणि कापशाचं आटोपेपर्यंत थांबे. पाऊण तासाचा तास होऊ लागला. पोस्टमन म्हणाला, पूर्वी इथे माणूस डुलक्या काढायचा, आता आयुष्याचा हिशेब करतो.

पोट लाल झालं, पायांच्या बोटांमधे फोड आले, कोपरांवरचे केस गेले. सावकाशराव काही हात बांधून बसणारा नव्हता. कातडी म्हणजे त्याच्या रोजच्या हाताखालची गोष्ट. त्याने आपल्या विद्येप्रमाणे इलाज सुरू केला. रोज सकाळी दाढीच्या साबणाने फेस काढून आंघोळ. ओल्या अंगावर तुरटीचा खडा. मग मानेला लावतात ती सुवासिक पावडर. आणि हवा लागावी म्हणून मशीनने अंगावरचे केस आणखी बारीक केले, इतके की कापशा उजेडात गुलाबी दिसू लागला. त्याच्या वासाने दुकान दरवळलं. खाज मात्र दुप्पट झाली.

मग लोकांचा सल्ला. एकाने तेल सांगितलं, एकाने कडू पाल्याचं पाणी. कोणी म्हणालं दूध बंद करा, कोणी म्हणालं दूधच द्या. कापशाने सगळं सोसलं. तेल लावलं त्या दिवशी तो ढिगात झोपून उठला तेव्हा अस्वल दारात उभं आहे असं वाटून एक म्हातारी पायरीवरूनच परत गेली.

जनावरांची डॉक्टर नवीनच आलेली होती, वयाने सावकाशरावाच्या पुतणीएवढी. तिने कातडी खरवडून काचेवर घेतली, पिसवा शोधल्या, कान तपासले. खरूज नाही, नायटा नाही. मग म्हणाली, खाण्याची तपासणी करू, दोन महिने ठरवून दिलेलं एकच खाणं. सावकाशरावाने दोन महिने काटेकोर पाळलं. बायकोने चोरून अंडं द्यायचंसुद्धा बंद केलं, याहून मोठा पुरावा नको. मलम लावलं की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

इकडे लोक बाकाच्या टोकाला सरकून बसू लागले होते. पाय वर घेऊन. एक-दोघांनी हळूच विचारलं की हे माणसाला लागत नाही ना, आणि उत्तर ऐकूनही पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. बायकोला हे दिसत होतं. तिचा भाऊ फळबागेत राहायचा, मोकळी जागा, दोन कुत्री आधीच होती. एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली, बाक रिकामा बघितला, कापशाचं रक्ताळलेलं पोट बघितलं, आणि डबा न उघडताच बोलली.

"अहो, माणसांचं राहू द्या. याचे हाल बघवत नाहीत मला. माझ्या भावाकडे ठेवू या थोडे दिवस."

सावकाशराव कंगवा पुसत राहिला. बराच वेळ एकच कंगवा पुसला. मग म्हणाला, थोडे दिवस.

मेहुणा येऊन कापशाला घेऊन गेला. त्या आठवड्यात सावकाशरावाची कात्री चालत होती, पण तो खुर्चीभोवती फेरी मारायचा विसरे. पोस्टमनचे केस त्याने वीस मिनिटांत कापले. पोस्टमन घाबरून उठला आणि विचारू लागला की तब्येत बरी आहे ना.

पंधरा दिवसांनी दुकान बंद असण्याच्या वारी तो बागेत गेला. झाडांच्या रांगेतून एक पांढरा गोळा सुसाट येताना दिसला आणि त्याच्या छातीवर आदळला. सावकाशरावाने त्याला उताणं करून पोट बघितलं. लाली गेलेली. कोपरांवर नवी लव उगवलेली, बोटांमधले फोड सुकलेले. ना मलम, ना आंघोळ. तो मातीत बसला आणि कापशाचं पोट चोळत हसत राहिला. मेहुणा बाजूला उभा होता. तो मनाने चांगला माणूस, म्हणून त्याला बोलायला जड गेलं.

"दाजी, राग मानू नका. तुमच्या दुकानाची हवा मानवत नाही याला. राहू दे इथंच."

सावकाशरावाला राग आला नाही. ते खरं आहे हे त्याच्या हाताला, कापशाच्या पोटावर ठेवलेल्या हाताला, आधीच कळलं होतं. त्याने मान हलवली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसा आहे. बरा झालाय, म्हणाला, आणि ताटावर बसून नुसतं पाणी पिऊन उठला.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरणीकडे गेला, ते उरलेलं मलम परत द्यायला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की काका, कुत्रा परत आणा. सावकाशरावाला वाटलं तिला ऐकू नीट आलं नाही. ती म्हणाली, तिकडे औषधाशिवाय बरा झाला, याचा अर्थ दुखणं तुमच्या दुकानात आहे. मी येऊन बसते. सापडलं नाही तर मीच त्याला बागेत पोचवीन.

तशी ती आली. शनिवारची दुपार, दुकान भरलेलं. बाकाच्या टोकाला वर्तमानपत्र उघडून बसली, पण पान काही उलटलं नाही. खुर्चीत पोस्टमन होता. कापशाला मेहुण्याने आणून सोडलं. त्याने आधी सगळ्यांचे बूट हुंगले, सावकाशरावाच्या पोटरीला पाठ घासली, आणि मग, परगावाहून आलेला माणूस आपल्या खाटेकडे जातो तसा, सरळ कोपऱ्यात गेला. ढिगाच्या मधोमध तीन गिरक्या घेतल्या. अंग टाकलं. वरपर्यंत बुडाला, फक्त उभा कान बाहेर.

डॉक्टरीण बघत होती. सावकाशराव पोस्टमनच्या अंगावरचा कपडा सोडून झटकत होता, आणि दर गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच म्हणत होता, की घरी जाऊन आधी आंघोळ करा, नाहीतर टोचतील.

"काय टोचतील, काका?"

"केस. कापलेल्या केसाला टोक असतं, डॉक्टरबाई. सुईसारखं. मानेत शिरला की माणूस दिवसभर खाज..."

तो थांबला. कपडा हातात तसाच राहिला. सगळ्यांच्या माना हळूहळू कोपऱ्याकडे वळल्या, आणि दोन्ही आरशांमधल्यासुद्धा वळल्या. तिकडे उभा कान हलला, ढिगातून एक मागचा पाय वर आला आणि पोट खाजवू लागला.

डॉक्टरणीने पिशवीतून भिंग काढलं, चिमटा काढला, कापशाला उजेडात आडवं घेतलं. कातडीत बारीक ठिपके होते, काही जुने बुजलेले, काही आत्ताच शिरलेले. चिमट्याने धरून ओढलं की ठिपक्यातून केसाचा तुकडा निघे, अर्ध्या नखाएवढा. तिने ते पांढऱ्या कागदावर मांडले. लोक भोवती वाकले. काळे निघाले, करडे निघाले, एक पिंगट कुरळा निघाला तो बेकरीवाल्याचा हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं. एक तुकडा अर्धा पांढरा आणि अर्धा काळाकुट्ट. सावकाशराव तो बघून म्हणाला, हा मुख्याध्यापकांचा. ते कलप लावत नाहीत. मग हसण्याचा एकच कल्लोळ झाला. पोस्टमनने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ कागदावर शोधत राहिला. काय बघताय, असं विचारलं तर म्हणाला, माझा एखादा मिळतो का बघतोय, परत लावून घेईन.

मग डॉक्टरणीने सगळं उलगडून सांगितलं. कुत्र्याची आखूड केसांची कातडी मऊ. रोजच्या साबणाने ती आणखी हळवी झाली, मशीनने उरलंसुरलं कवच गेलं, आणि ओल्या अंगाने तो हजार सुयांच्या गादीवर झोपत राहिला. तुटलेलं टोक आत राही, त्याभोवती सूज, सुजेवर खाजवणं. बागेत सुया नव्हत्या. सावकाशराव मान खाली घालून ऐकत होता. ती म्हणाली, हात बघू. त्याच्या बोटांच्या बेचक्यातही दोन काळे ठिपके होते. तो म्हणाला, हे तर तीस वर्षं आहे, कामाचा हात खाजायचाच. म्हणूनच तुम्हाला दिसलं नाही, ती म्हणाली, आणि त्याच चिमट्याने त्याचेही दोन काढले.

औषध सोपं होतं. रोजची आंघोळ बंद, केस वाढू द्यायचे, पाय ओल्या फडक्याने पुसायचे. आणि ढीग नको. प्रत्येक डोकं झालं की झाडू.

सावकाशराव इथे अडला. बाकी सगळं त्याने त्याच दिवशी केलं, पण झाडू त्याच्या हाताला लागेना. बाकाखाली गोधडी अंथरली, कापशाने ती हुंगली आणि ढिगात जाऊन झोपला. ढिगापुढे फळी लावली, कापशाने ती पाडली. झाकणाची टोपली आणली, कापशाने झाकण काढायला एक दिवस घेतला. संध्याकाळी बायको आली तेव्हा कापशा टोपलीत होता आणि टोपली कापशावर होती.

"ढीग ठेवा, नाहीतर कुत्रा ठेवा," ती म्हणाली. "दोन्ही मिळणार नाही. आणि आता भाऊ येईल तो कायमचा न्यायला."

सावकाशराव म्हणाला, बाबांना काय सांगू.

बाप घरीच असे. गुडघे गेलेले, चार वर्षांत दुकानाची पायरी चढला नव्हता. पण रोज रात्री जेवताना एकच विचारी, आज ढीग किती झाला. आणि सावकाशराव हाताने उंची दाखवी. तेवढ्यावर म्हाताऱ्याला घास गोड लागे.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिलं डोकं होताच, सावकाशरावाने झाडू घेतला. बाकावरच्या सगळ्यांनी पाय वर घेतले. त्याने खुर्चीभोवती झाडलं, सुपलीत भरलं, मागच्या दारी नेऊन डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. दुसरं डोकं, पुन्हा झाडू. दुपारचं ऊन कोपऱ्यात आलं तेव्हा तिथे फरशी होती. कापशा तिथे गेला, उभा राहिला, मागे वळून सावकाशरावाकडे असा बघू लागला की घर कोणी उचलून नेलं. मग नाइलाजाने गोधडीवर येऊन आडवा झाला. त्या रात्री बापाने विचारलं, आज ढीग किती. सावकाशरावाने हाताने उंची दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाशी खोटं बोलला, आणि आठवडाभर रोज बोलत राहिला.

पण पोस्टमनच्या पोटात पत्र राहतं, गोष्ट राहत नाही. तो पेन्शनचा कागद द्यायला घरी गेला आणि म्हाताऱ्याला सगळं सांगून बसला. म्हाताऱ्याने चष्मा लावला, काठी घेतली, आणि म्हणाला, मला दुकानात ने. पोस्टमनने सायकलच्या मागे पोतं घडी करून टाकलं, म्हाताऱ्याला बसवलं आणि चालत चालत सायकल ढकलत आणली. रस्त्यातले लोक थांबून बघू लागले. म्हातारा जुन्या गिऱ्हाइकांना काठी उंच करून ओळख देत होता.

सावकाशराव एकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. आरशात बाप दिसला आणि वस्तरा वर उचलला गेला. बाप पोस्टमनच्या आधाराने दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला. चालू दे, अशी काठीने खूण केली.

ते डोकं झालं. कपडा झटकला. केस फरशीवर पडले. गिऱ्हाईक उठलं, पण बाहेर जाईना; बाकावरचंही कोणी हालेना. गोधडीवरून कापशा उठला, एक पाय पुढे टाकला, केसांच्या वासाने नाक उचललं. त्याच्या पोटावर आता पांढरी लव चांगली भरून आली होती. सावकाशरावाने बापाकडे बघितलं नाही. झाडू घेतला आणि झाडलं. सावकाश, कोपऱ्यापर्यंत, एकही केस न ठेवता.

"बाबा," तो पाठ न वळवता म्हणाला, "बरकत गेली तर जाऊ दे. हा राहील."

म्हाताऱ्याला खोकला आला असं सगळ्यांना वाटलं. मग कळलं की तो हसतोय.

"बरकत-बिरकत काही नव्हतं रे. तू सात वर्षांचा होतास. दुकानात पाऊल टाकलंस की जो तो म्हणायचा, ए पोरा, जरा झाड. दिवसभर वाकलेला असायचास. मी म्हटलं, याच्या हाताला झाडूची सवय लागली तर कात्री कधी लागणार? म्हणून ठोकून दिलं. गिऱ्हाईकं घाबरली, गप्प बसली." त्याने डोळे पुसले. "पण तू चाळीस वर्षं धरून बसशील हे कोणाला माहीत."

दुकानात जो हशा उठला तो समोरच्या बेकरीत ऐकू गेला, आणि बेकरीवाला पिठाच्या हातांनी काय झालं ते बघायला आला. सावकाशराव झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. हसावं की रडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि नेहमीप्रमाणे त्याला ते ठरवायची घाईही नव्हती. मग त्याने विचारलं की मग रोज रात्री ढीग का विचारायचात. म्हातारा म्हणाला, "दुसरं काय विचारणार? कात्री आता तुझी. घरी बसून धंदा किती झाला ते ढिगावरूनच तेवढं मला कळतं."

मग म्हातारा खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, आता आलोच आहे तर कापून टाक. सावकाशरावाने स्वच्छ कपडा काढला. डोक्याकडे बघत राहिला. खुर्चीभोवती एक फेरी मारली, सावकाश, पूर्वीसारखी. त्या डोक्यावर उरलेले केस मोजून होते, तरी त्याने पाऊण तास घेतला. शेवटी कात्री कानामागे आली, चार पांढरे केस तरंगत खाली गेले आणि फरशीवर पडले. गोधडीवरून कापशाने डोकं वर केलं, आणि काय पडलं ते बघायला उठला.

म्हाताऱ्याने आरशात ते बघितलं आणि काठी आडवी धरून त्याची वाट अडवली.

"कात्री ठेव," तो मुलाला म्हणाला. "आधी झाडू."